टेबलावरचा डाग

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली, की आमच्या घरातल्या सामानाला पाय फुटतात. एरवी वर्षभर आपापल्या जागी मुकाट्याने उभ्या असलेल्या खुर्च्या, तिवया आणि पलंग एकेक करून गॅलरीत येतात. कपाटे भिंतीपासून हातभर पुढे सरकतात. आणि ज्याला आपण मोठ्या अभिमानाने घर म्हणतो त्याला दोन दिवस धर्मशाळेची कळा येते. अशा वेळी घरातल्या पुरुषमाणसाने शहाणपणाने बाहेर निघून जावे, असा आमच्या वडिलांच्या काळी संकेत होता. नोकरीत असेपर्यंत तो मी निष्ठेने पाळला. निवृत्त झाल्यावर मात्र जायला जागा उरली नाही, आणि साठी उलटून गेल्यावर मला प्रथमच कळले, की आपल्या चार खोल्यांत लाकूड, वेत, लोखंड, पितळ, रेक्झिन, सनमायका आणि प्लास्टिक अशी सात प्रकारची प्रजा नांदते आहे आणि त्यांतल्या प्रत्येकाचे पथ्यपाणी वेगळे आहे.

हे पथ्यपाणी मला शिकवले ते माझ्या पत्नीने आणि मावशींनी. मावशी म्हणजे गेली चोवीस वर्षे आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई. मुले लहान असताना त्यांना मावशी म्हणू लागली आणि ते संबोधन साऱ्या घराने उचलले. मी त्यांना मावशी म्हणतो आणि त्या मला दादा म्हणतात. नात्याचे हे गणित कोणत्याही वंशावळीत बसणार नाही. पण आजवर ते कोणाला खटकले नव्हते. मलाही खटकले नव्हते. ते कधी आणि का खटकू लागले, तेच आज सांगावयाचे आहे.

आधी त्या पथ्यपाण्याविषयी. आमची एक वेताची खुर्ची आहे. तिची बैठक मधोमध इतकी झोळ खाऊन गेली होती, की बसणाऱ्याला उठवायला दुसरे माणूस लागे. ती मी भंगारवाल्याला देऊन टाकणार होतो. मावशींनी ती उलटी केली, गरम पाण्यात भिजवलेले फडके पिळून बैठकीच्या खालच्या अंगाला चांगले दाबून दाबून फिरवले, आणि खुर्ची वाऱ्याच्या तोंडाशी, पण सावलीत ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी बैठक डफासारखी ताणली गेली होती. वेत पाणी प्यायला की फुगतो आणि सुकताना आकसतो. वरच्या चकचकीत सालीतून पाणी आत शिरत नाही, म्हणून ते खालून पाजायचे; आणि उन्हात घाई करून वाळवला तर तडकतो, म्हणून सावलीत वाळवायचा. इतके साधे शास्त्र. पण ते ठाऊक नसल्यामुळे मी एक धडधाकट खुर्ची मोडीत काढायला निघालो होतो.

लोखंडाचे याच्या अगदी उलट. वेताला जे पाणी औषध, तेच लोखंडाला विष. पलंगाच्या पायाला गंज चढला असेल तर आधी तो पॉलिश पेपरने घासून अगदी मुळापर्यंत काढावा लागतो, मग लाल प्रायमरचा हात आणि मग रंग. गंजावरच रंग दिला तर वरून पलंग नवा दिसतो आणि आत गंजाचे काम बिनबोभाट चालू राहते. झोपाळ्याच्या पितळी कड्यांना चिंचेचा कोळ लावतात. चिंचेतले आम्ल पितळेवरची काळी पुटे विरघळवते. पण कोळ तसाच राहिला तर कड्या दुप्पट वेगाने काळवंडतात, म्हणून लगेच धुऊन कोरड्या कराव्या लागतात. आणि त्या कोळाचा थेंब झोपाळ्याच्या पाटावर पडू द्यायचा नाही, हे आणखी वेगळे. रेक्झिनला साबणाचे पाणी चालते, पण तेल आणि रॉकेल चालत नाही, ते भेगाळते. प्लास्टिकच्या खुर्चीला पाण्याचे भय नाही, पण उन्हाचे आहे. दोन उन्हाळे गच्चीवर राहिली, की तिच्या अंगावर खडूसारखी भुकटी येते आणि एखाद्या पाहुण्याच्या बसण्याने ती कडकन मोडते.

या साऱ्यांत सनमायका मला स्थितप्रज्ञ वाटतो. चहा सांडो, हळद सांडो, ओले फडके फिरवले की झाले. हा पदार्थ ज्या घराण्यातला, ते घराणे जन्मले १९१२-१३ च्या सुमारास अमेरिकेत, विजेच्या यंत्रांत अभ्रकाच्या जागी वापरण्यासाठी. ‘फॉर्मायका’ या नावाचा अर्थच मुळी ‘अभ्रकाऐवजी’ असा. पुढे तो यंत्रांतून निघून आपल्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसला. त्याच्यावर काही उमटत नाही, त्याच्यात काही मुरत नाही. पन्नास वर्षे त्याच्यावर जेवलेल्या कुटुंबाची एकही खूण तो ठेवीत नाही.

लाकडाचे तसे नाही. लाकूड सगळे लक्षात ठेवते.

माझ्या आईचा लाकडावर फार जीव. दर दिवाळीला ती घरातल्या प्रत्येक लाकडी वस्तूला खोबरेल तेल चोळी. त्या दिवशी सगळे कसे तुकतुकीत दिसे. पण महिनाभरात त्याच्यावर धूळ बसून असा काही चिकट थर होई, की वहीचे पान टेबलाला चिकटून बसावे. खोबरेल हवेत सुकत नाही, हे तिला कोणी सांगितले नव्हते. जवसाचे तेल सुकते आणि लाकडावर पापुद्रा धरते. म्हणून लाकडाला जवस. (मात्र त्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात फेकू नये, तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. पसरून वाळवावा.) आईचे प्रेम खरे होते, कष्ट खरे होते, आणि तरीही लाकडाचे नुकसानच होत होते. माया करायची तीसुद्धा ज्याची त्याला मानवेल अशी करावी लागते. त्यासाठी आधी समोरच्याची जात ओळखावी लागते. हा धडा मी त्या टेबलाकडून शिकलो आणि शिकलो या समाधानात राहिलो. तो फक्त लाकडापुरता आहे, असे मी समजत होतो.

आता त्या टेबलाविषयी. माझ्या वडिलांनी १९५४ साली, म्हणजे माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी, पुण्याच्या जुन्या बाजारातून एक सागवानी लिहिण्याचे टेबल आणले. हातगाडीवर घालून, स्वतः गाडीला हात लावून आणले, असे आई सांगे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचेही धरण फोडले, आणि मुठेचे पाणी पेठांतून शिरले. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. आमच्या खोलीत माझ्या वडिलांच्या गुडघ्याच्याही वर पाणी चढले. पाणी ओसरल्यावर घरातले पुष्कळसे सामान चिखलासकट बाहेर टाकावे लागले, टेबल राहिले. सागाच्या अंगीच असे काही तेलकट द्रव्य असते, की पाण्याला आणि वाळवीला तो सहजी दाद देत नाही. टेबलाचे खण फुगून घट्ट बसले ते पावसाळा संपल्यावर पुन्हा सरकू लागले, आणि चारही पायांवर पुराची एक करडी रेघ राहिली. पुढे पॉलिशवाले आले, तेव्हा ती रेघ घासून काढू का, असे त्यांनी विचारले. वडील म्हणाले, ‘राहू द्या.’ ते पुराविषयी कधी बोलत नसत. ती रेघ मात्र त्यांनी ठेवली.

वडिलांमागे ते टेबल माझ्याकडे आले. त्याच्यावर मी आयुष्यभर काय लिहिले ते सांगण्याजोगे नाही. पण त्याच्यावर माझा हक्क फार. माझ्या कागदांच्या गठ्ठ्यांना कोणी हात लावायचा नाही, असा माझा घरात कडक नियम होता. मावशी गठ्ठ्यांच्या कडेकडेने टेबल पुशीत.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीची गोष्ट. मी बाहेरून आलो तो मावशी टेबलाच्या शेजारी स्टुलावर उभ्या राहून पंखा पुशीत होत्या, आणि त्यांची पाण्याची पत्र्याची बादली टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवलेली. ‘मावशी, बादली खाली ठेवा,’ असे मी म्हणालो आणि त्यांनी ती लगेच खाली घेतली. दुसऱ्या दिवशी सणासुदीची म्हणून मी माझे गठ्ठे स्वतःच उचलले, आणि त्यांच्याखाली सागाच्या सोनेरी अंगावर एक काळेकुट्ट वर्तुळ दिसले.

माणसाचे मन किती झपाट्याने न्यायनिवाडा करते! वर्तुळ आणि बादली, बादली आणि मावशी. सगळा खटला एका क्षणात उभा राहिला आणि निकालही लागला. मावशी स्वयंपाकघरात भांडी पुसून ठेवत होत्या. त्यांना मी हाक मारून आणले, डाग दाखवला, आणि आवाज चढवून म्हणालो, ‘बावीस वर्षं पुसताय हे टेबल, एवढंही कळू नये? माझ्या वडिलांचं टेबल आहे हे. तुमच्या वर्षाच्या पगारातसुद्धा असं टेबल यायचं नाही!’

मावशींनी डागाकडे पाहिले. काही बोलल्या नाहीत. हातातले फडके पिळले, झटकले, दोरीवर वाळत घातले आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी रोजच्या वेळेला आल्या. त्या आल्या यावरून मी असा निष्कर्ष काढला, की त्यांनी ते मनावर घेतले नाही. तसे मी पत्नीला बोलूनही दाखवले. ती म्हणाली, ‘न येऊन काय करतील? दिवाळी त्यांच्याही घरी आहे.’

चार दिवसांनी पॉलिशचे मिस्त्री आले. हे गृहस्थ टेबलाकडे पाहतात ते वैद्य रोग्याकडे पाहतो तसे. त्यांनी डागावर नख फिरवले, ओल्या बोटाने चोळले, वास घेतला. मग मला म्हणाले, ‘काका, डाग दोन प्रकारचे. गरम कप ठेवला की पांढरा डाग पडतो. तो पॉलिशमधला, लाखेत दमटपणा अडकतो म्हणून ती दुधाळ होते. बोळ्यावर नावाला स्पिरिट घेऊन अलगद फिरवलं की जातो. काळा डाग पॉलिशमधला नसतो. तो लाकडातला. लोखंड, पाणी आणि लाकडातला तुरटपणा, तिन्ही एका जागी आले की शाई होते.’

शाई हा शब्द त्यांनी सहज वापरला, पण तो तंतोतंत बरोबर होता. हिरड्याचा काढा आणि हिराकस मिसळून काळी शाई आणि कापडाचा काळा रंग करण्याची रीत जुनीच आहे. हिरड्यातली तुरट द्रव्ये आणि हिराकशीतले लोह यांचा तो संयोग. माझ्या टेबलावर तोच प्रयोग झाला होता.

‘बादली ठेवली होती,’ मी म्हणालो.

मिस्त्रींनी बादली मागवली. तिचा तळ त्यांनी वर्तुळाशेजारी टेकवला. तळ चांगला चार बोटे मोठा होता. ‘आणि ही जस्ती बादली आहे काका, हिच्या लोखंडावर जस्ताचं अस्तर आहे. शिवाय इथलं पॉलिश पार कुजून गेलंय, डाग आत मुरलाय. एका दिवसात हे होत नाही. दोन-तीन महिने ओल धरून राहिली असणार. काही लोखंडी वस्तू होती का इथं? कुंडी वगैरे?’

मी गप्प राहिलो. पत्नी माळ्यावरून एक वस्तू घेऊन आली. निवृत्तीनंतर मला झाडांचा नाद लागला होता. त्या भरात एका प्रदर्शनातून मी लोखंडी सळीची एक नक्षीदार बैठक आणली, तिच्यावर मनीप्लांटची कुंडी ठेवली, आणि एक अख्खा पावसाळा टेबलावर ठेवून तिला रोज स्वहस्ते पाणी घातले. पुढे ते झाड मेले. बैठक माळ्यावर गेली. तिच्या जागेवर मी कागदांचा गठ्ठा ठेवला, आणि त्याला कोणी हात लावायचा नाही असा नियम केला. पत्नीने ती बैठक डागावर ठेवली. ती अशी नेमकी बसली, की जणू त्या मापानेच डाग आखला असावा.

मिस्त्री समजूतदार. ते चहाला म्हणून बाहेर गेले.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. वस्तूंची काळजी घेणे हा सद्गुण आहे की मोह? आपल्याकडे दोन्ही बाजूंचे संस्कार आहेत. एकीकडे संतांनी आणि गीतेने आसक्ती सोडायला सांगितले. दुसरीकडे खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो, सुतार करवतीला फूल वाहतो, आणि पुस्तकाला पाय लागला तर वाकून नमस्कार करतो. मला हा दुसरा संस्कार फार प्रिय आहे. जो माणूस वस्तू फेकून देताना कचरत नाही, तो माणसे टाकतानाही फारसा कचरणार नाही, असे मी पूर्वी ठामपणे म्हणत असे. पण माझ्या बाबतीत काय झाले? वस्तूला जपणारा मी. आणि त्या जपण्यापायीच मी एका माणसाला टाकून बोललो. पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करायला मला शिकवले होते. माणसाला शब्द लागला तर काय करायचे, ते शिकवले असेलही. मी विसरलो होतो.

कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याने १७८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नीतिशास्त्राच्या ग्रंथात एक भेद केला आहे. ज्याच्या जागी तेवढ्याच मोलाचे दुसरे काही ठेवता येते त्याला किंमत असते. ज्याच्या जागी दुसरे काही ठेवताच येत नाही त्याला प्रतिष्ठा असते, आणि ती माणसाला असते. हा भेद मी कॉलेजात परीक्षेपुरता पाठ केला होता. माझ्या त्या वाक्यात मी काय केले, ते पाहा. वर्षाचा पगार आणि टेबल! मावशींना मी तराजूच्या एका पारड्यात घातले, टेबल दुसऱ्यात, आणि वर टेबलाचे पारडे जड असल्याचे त्यांना सुनावले. शिवाय ते वाक्य ज्याच्याविरुद्ध जायला हवे त्याच्याविरुद्ध गेलेच नाही. एका माणसाच्या वर्षभराच्या कष्टात एक जुने टेबल येत नसेल, तर त्यात लाज कोणाची? पगार ठरवणारा मीच होतो.

यावर माझे मन एक पळवाट काढी. ते म्हणे, हे काही बाजारातले टेबल नव्हे. वडिलांचे टेबल आहे, त्याच्या जागी दुसरे कोणतेही ठेवता येणार नाही. मग कांटच्याच न्यायाने त्यालाही प्रतिष्ठा नको का? मला हा युक्तिवाद काही दिवस बरा वाटला. मग त्यातली खोट ध्यानात आली. त्या टेबलाची प्रतिष्ठा त्याची स्वतःची नाही, ती उसनी आहे. वडिलांनी हातगाडीला हात लावला, पुराच्या चिखलातून ते उपसले, म्हणून ते मला मोलाचे. वस्तूला जे पावित्र्य येते ते माणसाच्या हातून येते. मग त्या पावित्र्यासाठी माणसाला दुखावणे म्हणजे व्याज वाचवण्याकरता मुद्दल बुडवण्यासारखेच झाले.

आणि माणसाचे हात म्हणावे, तर ते कोणाचे? वडिलांचे हात त्या टेबलाला लागले हे खरे. माझेही लागले. पण बावीस वर्षे, आजारपण आणि सुट्या वगळून धरल्या तरी सहा हजारांहून अधिक वेळा, ज्या हातांनी ते पुसले ते हात मावशींचे. ‘माझे टेबल’ म्हणताना मी ज्या मालकीच्या जोरावर बोलत होतो तिच्यात मी काय घातले होते? एक लोखंडी बैठक. गांधीजी म्हणत, धनवंताने स्वतःला विश्वस्त समजावे. माझ्या घरातल्या लाकडाची, वेताची आणि पितळेची विश्वस्त कोण होती, याचा मी कधी विचार केला नव्हता. स्वच्छतेची थोरवी गाणारे आपल्यात पुष्कळ. गाडगे महाराजांसारखा खराटा स्वतः हातात घेणारा विरळा. बाकीच्यांची स्वच्छता दुसऱ्याच्या हातातल्या फडक्यावर उभी असते.

इथेच मला ते ‘मावशी’ खटकू लागले. महाराष्ट्र शासनाने २००८ साली घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा केला. कायदा त्यांना कामगार म्हणतो, आपण मावशी म्हणतो. आणि कायद्याच्या शब्दापेक्षा आपला शब्द अधिक मायेचा आहे, असे आपल्याला वाटते. पण नीट पाहिले तर हे नाते आपण आपल्या सोयीने वापरतो. पाहुणे आले तर सणाच्या दिवशी जादा काम सांगताना त्या मावशी असतात. चमचा सापडेनासा झाला की त्या बाई होतात. सख्ख्या मावशीवर मी पुराव्याशिवाय आळ घेतला असता का? निदान बादलीचा तळ तरी मोजून पाहिला असता.

चूक कळल्यावर ती कबूल करणे सोपे असावे, अशी माझी समजूत होती. ते मुळीच सोपे नाही. मी मनाशी एक छोटेखानी भाषण तयार केले. मावशी आल्या तेव्हा त्यातले निम्मे विसरलो आणि कसेबसे म्हणालो, ‘मावशी, तो डाग माझ्यामुळे पडला होता. मी तुम्हांला उगीच बोललो. माझं चुकलं.’

‘असू द्या, दादा,’ त्या म्हणाल्या आणि बादली उचलू लागल्या.

एवढ्याने माझे समाधान होईना. मला काहीतरी अधिक करायचे होते. मिस्त्रींनी सांगितले होते, की ऑक्झॅलिक आम्लाच्या पाण्याने तो काळा डाग निघू शकतो. पण मला एक कल्पना सुचली आणि ती फार उदात्त वाटली. मी म्हणालो, ‘मावशी, मी तो डाग काढणार नाही. तसाच ठेवणार. माझ्या वडिलांनी पुराची रेघ ठेवली तशी. रोज लिहायला बसलो की माझी चूक मला दिसेल.’

मावशी थांबल्या. त्या दिवसांत प्रथमच त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिले. ‘दादा, तुम्ही लिहायला बसता अधूनमधून. टेबल रोज मी पुसते. तो डाग मलाच दिसणार ना? काढून टाका.’

मी त्या क्षणी जितका ओशाळलो तितका डाग माझा निघाला तेव्हाही ओशाळलो नव्हतो. पश्चात्तापसुद्धा मी त्यांच्याच खर्चाने करायला निघालो होतो! वडिलांची रेघ वेगळी होती. ती कोणाच्या अपमानाची खूण नव्हती. पाण्याने घर बुडवले, त्यात कोणाचा चेहरा खाली गेला नव्हता. हा डाग मला नम्रतेची आठवण देणार आणि त्यांना आळाची. काही खुणा जपायच्या असतात, काही पुसायच्या असतात. आणि कोणती जपायची हे ठरवण्याचा अधिकार ज्याने डाग पाडला त्याचा नसतो, ज्याला तो रोज पाहावा लागतो त्याचा असतो.

मिस्त्रींनी डाग काढला. आधी त्या भागावरचे पॉलिश उतरवले. हातमोजे घालून, मुलांना दूर ठेवून, गरम पाण्यात ऑक्झॅलिक आम्लाची पूड विरघळवली. ती विषारी असते, तिच्याशी खेळ उपयोगाचा नाही. ते पाणी फडक्याने डागावर फिरवले, आणि पाहता पाहता काळ्याचे करडे, करड्याचे पिवळट झाले. मग स्वच्छ पाण्याने दोनदा पुसून लाकूड चांगले सुकू दिले, पेपर मारला, आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे हात मलमलीच्या बोळ्याने एकावर एक चढवले. घाई केली की पॉलिश दुधाळ होते, असे ते म्हणाले. त्यांना तीन दिवस लागले. आज त्या जागी बाजूच्या लाकडापेक्षा किंचित उजळ असा एक भाग आहे. ज्याला माहीत आहे त्यालाच तो दिसतो.

त्या महिन्यापासून मावशींच्या पगाराचा हिशेब आम्ही नव्याने केला. आठवड्याची एक सुटी ठरवली. यात थोरपणा काही नाही. पत्नी म्हणाली तेच खरे: ‘हे डाग पडायच्या आधीच करायला हवं होतं.’

आता वाचकहो, तुमच्याही घरी याच दिवसांत सामान गॅलरीत आले असेल. वेताला खालून पाणी पाजा, पितळ धुऊन कोरडे करा, रेक्झिनला तेल लावू नका. वस्तू जपा, त्यांच्यात आपली गेलेली माणसे थोडीथोडी राहतात. पण एखादा काळा डाग दिसला, तर हाक मारण्याआधी जरा बादलीचा तळ मोजून पाहा.

यंदा मी टेबल स्वतः पुसायला घेतले. गठ्ठे उचलले, खण काढले, खाली बसून पायांवरची ती करडी रेघही पुसली. मावशी दारात उभ्या राहून पाहत होत्या. थोडा वेळ त्यांनी सहन केले. मग म्हणाल्या, ‘दादा, फडकं नीट पिळून घ्या. लाकडाला इतकं ओलं चालत नाही.’

मी उठलो आणि फडके पिळून आलो.